मा. ना.

गेल्या पौषातल्या एका शनिवारी रात्री वाचता वाचता मी एक ओळ गाळली, आणि ती ओळ तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे. प्रसंग एवढासाच होता. इस्राएलमधील दिमोना गावी राहणारी एक मुलगी (मुलगी म्हणायचे, पण तीही आता चाळिशीची झाली) तिकडचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुटला की मला व्हिडिओ कॉल करते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. तिचे वडील गेल्या वर्षी वारले आणि त्यांच्या कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत तिला लाल कापडी बांधणीची एक लांबट वही सापडली, किराणा दुकानदार गल्ल्याजवळ ठेवतात तशी. वही तिच्या आजीची, म्हणजे ठाण्याला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू समाजातल्या) आजींची. मुलीला मराठी बोलता येते, पण ते स्वयंपाकघरातले. 'मीठ कमी हाय', 'पाय पूस', 'जेवलीस काय गो' एवढ्या परिघातले. वाचता मात्र एक अक्षर येत नाही. म्हणून ती वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरते, मी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचते, अर्थ सांगते, आणि पलीकडे ती हिब्रूत टंकत जाते. त्या रात्री आम्ही १९८२ सालावर आलो होतो. मी एक ओळ वाचली, पुढची सोडली आणि त्यापुढची वाचली. तिच्या ते लक्षात येण्याचे कारणच नव्हते. तिने फक्त एवढेच विचारले की, काही ओळींच्या शेवटी आजीने टिंबे देऊन सारखीच दोन अक्षरे काढली आहेत, ती कसली? मी पान जवळ आणायला सांगितले, निरखून पाहिल्यासारखे केले, आणि 'मा. ना.' असे लिहिले आहे, पण त्याचा अर्थ काही ठाऊक नाही, असे सांगून टाकले.

ठाऊक होता.

आमचे घर टेंभी नाक्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर एका कौलारू, दुमजली वाड्यात होते. वाडा केव्हाच पडला. त्या जागी आता सात मजले उभे आहेत आणि खाली मोबाइलची दोन दुकाने आहेत. वाड्याच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या आजींच्या होत्या. त्यांच्या दाराच्या उजव्या बाहीवर बोटभर लांबीची एक डबी तिरकी ठोकलेली असे. मेझुझा हा शब्द मला फार उशिरा कळला. आम्ही मुले तिला देवाची डबी म्हणत असू. आजी जाता-येता तिला बोटे लावून ती ओठांना लावत, आणि आम्हीही उड्या मारून तेच करत असू. माझ्या धाकट्या भावाचा हात पोचत नसे, म्हणून तो हवेतल्या हवेत बोटांचा मुका घेई. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या खोल्यांत एक निराळी शांतता यायची. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल आणि त्यावर तरंगणारी वात. बाजूच्या पितळी भांड्यात काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, फडक्यातून गाळलेले सरबत. खोबरेलाच्या जळण्याचा आणि मनुकांचा तो मिसळलेला वास पुढे मला कुठेच मिळाला नाही. एकदा दिवा लागला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत आजी आगीला हात लावत नसत, बटणालाही नाही. आणि गंमत अशी की, दुसऱ्याला 'पंखा लाव गं' असे सांगणेही त्यांच्या नियमात बसत नसे. त्या सांगू शकत नाहीत हे आईने मला एकदाच समजावले होते. त्यानंतर मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी काहीतरी निमित्त काढून मी खाली जात असे, आपल्याच नादात असल्यासारखी पंख्याचे बटण दाबत असे आणि गाणे गुणगुणत वर येत असे. आजी तिकडे पाहतसुद्धा नसत.

त्यांचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले होते. त्याच्याआधीचे हिब्रू नाव वाचून नवा पोस्टमन दरवेळी पाटीपुढे घुटमळायचा. माहेर रेवदंड्याकडचे, तिथल्या घाण्याच्या, खोबरेलाच्या आणि शनिवारी बैल सुटत असल्याच्या गोष्टी त्या सांगत. मुंबईला त्या आल्या त्या कामा रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला, युद्धाच्या वर्षांत. तिथल्या प्रमुख तेव्हा डॉ. जेरुशा झिराड होत्या. अलिबागच्या वाटेवर झिराड नावाचे गाव आहे, त्या गावचे हे आडनाव. लंडनला जाऊन १९१९ साली एम.डी. झालेल्या, आणि पुढे १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या या बाईंना आजी नुसते 'डॉक्टरीणबाई' म्हणत. दुसरी कुठलीही डॉक्टरीण असली तर तिचे नाव घ्यावे लागे, ही बिनानावाची. १९१३ साली मुंबईत जे बेने इस्राएल स्त्री मंडळ निघाले त्यामागेही त्याच होत्या, आणि आजींच्या सासूबाई त्या मंडळात जात. लग्न होऊन ठाण्याला आल्यावर आजींना समाजाच्या कामाची दीक्षा सासूकडून मिळाली असे म्हणायला हरकत नाही, पण हा शब्द त्यांना मानवला नसता. त्या याला 'वरकाम' म्हणत. नगरपालिकेच्या सूतिकागृहातली नोकरी हे काम, घरचा स्वयंपाक हेही काम, आणि बाकीचे सगळे वरकाम.

या वरकामात काय काय येत असे, हे आता वही वाचताना एकेक कळते आहे. कोणाच्या घरी नवसाचा मलिदा असला की पोहे किती, खोबरे किती, खजूर किती, सब्जाच्या डहाळ्या कोणाच्या कुंडीतून आणायच्या. १८७९ साली बांधलेल्या ठाण्याच्या सिनेगॉगला (जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत, मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचे नावही मांडवीच्या अशाच जुन्या मशिदीवरून आले असे आजी सांगत) दिव्यांसाठी किती तेल पोचवले. बाळंतिणींच्या फेऱ्या. कोकणातून शिकायला आलेल्या मुलांची जेवणे, वार लावून, अगदी आपल्याकडच्या माधुकरीच्या दिवसांसारखी. या सगळ्यांपेक्षा अधिक पाने मात्र एका नोंदीने भरली आहेत. ती नोंद नेहमी दोन शब्दांची असते: 'धुणे झाले.' पहिल्यांदा हे वाचले तेव्हा दिमोनाची मुलगी हसली. तिला वाटले, आजी कपडे धुतल्याचाही हिशेब ठेवत होती.

समाजातली बाई वारली की तिला शेवटचे स्नान घालण्याचे काम बायकांनीच करायचे असते. ठाण्यात आणि आसपास, कल्याणपर्यंत, ते आजी करत. सूतिकागृहात रात्रपाळी करून आलेल्या असल्या तरी, पावसात, परीक्षेच्या दिवसांत, सणाच्या आदल्या रात्रीसुद्धा. बोलावणे आले की त्या आधी हाताची नखे कापत. ते मी पाहिले आहे: उंबऱ्यावर बसून, खाली वर्तमानपत्र पसरून, एकेक नख. अंगावर घालायची पांढरी वस्त्रे त्या स्वतः शिवत आणि शिवून तयार ठेवत. त्यात दोऱ्याला गाठ मारायची नसते. हे मला फार विचित्र वाटायचे, कारण शाळेत शिवणाच्या तासाला पहिली शिकवण गाठीचीच होती. 'गाठ नाही मारली तर उसवेल ना, आजी?' असे मी विचारले होते. 'उसवायलाच तर हवं, बाय,' त्या म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला, कारण दिवेलागणीनंतर त्यांना नेढे दिसत नसे. कापड मांजरपाट, आणि ते माझे वडील आणत. परळच्या एका गिरणीत ते टाइमकीपर होते आणि गिरणीच्या दुकानात कामगारांना कापड सवलतीत मिळे. आजी पैसे मोजून देत, बाबा मोजून घेत. कापड कशासाठी हे दोघांनाही माहीत होते, पण व्यवहारात त्याचा उच्चार होत नसे. 'आठ वार पुरेल?' 'बारा आणा.' एवढ्यावर बोलणे संपे, आणि जिन्यात बाबा क्षणभर थांबत, कारण बारा वार म्हणजे कोणीतरी आजारी आहे हे त्यांना कळे.

वहीची रीत समजावून सांगायला हवी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर हिब्रूतली दोन अक्षरे आहेत, देवाच्या साह्याने असा त्यांचा अर्थ. आपण श्री लिहितो तशी. खाली तारीख नाही, तर सण. आणि सणही आजींच्या भाषेतले: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. मुलीला ही नावे ठाऊकच नव्हती. तिने शाळेत रोश हशाना आणि योम किप्पूर शिकलेले. दार लावून दिवसभर उपास करायचा तो दारफाळणीचा आणि त्याचा दुसरा दिवस शिळा, असे मी सांगितले तेव्हा तिला कोण आनंद झाला. मलाही एक मजा त्यातच उमगली. हा उपास त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी असतो, म्हणजे तो आपल्या भाद्रपदातल्या किंवा आश्विनातल्या शुद्ध दशमीच्या आगेमागेच येणार, कारण दोघांचाही चंद्र एकच. त्यांच्या पुरिमला आजी होळीचा सण म्हणत, ते याच पौर्णिमेमुळे. शिळा सण हा भेटीगाठींचा आणि दानधर्माचा दिवस. आजींची वर्षभराची मदत त्या दिवशी वाटली जाई, पण दान म्हणून नाही. सगळे वहीत उसने म्हणून चढायचे. नाव मात्र कोणाचेच नाही. 'तळ्याकाठची', 'तीन मुलींची', 'चष्मेवाले मास्तर', 'गिरणीवाली' अशा खुणा. परत आलेल्या रकमेवर एकच आडवी रेघ. आणि काही ओळींच्या शेवटी ती दोन अक्षरे.

मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून दर सुट्टीत आजी ही वही बेरजेसाठी माझ्यापुढे ठेवत. माझे गणित चांगले होते, हे एक कारण. दुसरे म्हणजे त्यांचा चष्मा कायम दुरुस्तीला असे. पहिल्याच दिवशी मी ती अक्षरे विचारली. 'मागणे नाही,' त्या म्हणाल्या. 'त्या रकमा धरू नकोस बेरजेत.' मला ते हिशेबाच्या दृष्टीने चुकीचे वाटले आणि मी तसे सांगितलेही. गेलेला पैसा गेलेला दाखवायला नको काय? आजींनी माझ्या हातावर चिकाच्या हलव्याची वडी ठेवली आणि विषय मिटवला. १९८२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र त्यांनी वही पुढे केली नाही. मी आपणहून विचारले, तर म्हणाल्या, 'तू दहावीची, अभ्यास कर.' त्यानंतर त्यांनी मला वही कधीच दिली नाही. आपल्या हातून मागे काहीतरी चूक झाली असणार, या समजुतीत मी किती वर्षे होते हे आता आठवले तरी हसू येत नाही.

वहीत आणखी एक शब्द आहे, तो फार ठिकाणी आहे. मलिद्याला बोलावण्याच्या घरांची यादी आजी दरवर्षी नव्याने लिहीत आणि मग एकेका घरापुढे लिहीत: 'गेले.' मुलगी विचारते, गेले म्हणजे मेले की इकडे आले? मला दरवेळी सांगता येत नाही. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद आहे, आणि ते बदलण्याची गरज आजींना वाटली नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास वीसेक हजार असलेला हा समाज पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक सगळा उठून गेला. आजींचा थोरला १९६१ साली गेला, मधली मुलगी १९७१ साली, धाकटा, म्हणजे या मुलीचे वडील, १९७७ साली. थोरल्याची पहिली पत्रे वाईट होती असे आई सांगे. तिकडच्या धर्मगुरूंनी बेने इस्राएलांच्या लग्नांत खोड काढली होती. आधी तुमची वंशावळ दाखवा, मग इतर ज्यूंशी लग्न लावू, असा तो प्रकार होता. जेरुसलेममध्ये आमच्या कोकणातल्या माणसांनी त्यासाठी ठिय्या दिला, तेव्हा कुठे १९६४ साली, तुम्ही सर्व बाबतींत ज्यूच, हे तिथल्या सरकारने जाहीर केले. आजींना त्याचा राग आयुष्यभर पुरला. 'शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना कागद विचारतात,' असे त्या म्हणत, आणि 'कागद' हा शब्द अशा उच्चारत की तो तोंडात आलेला खडा वाटावा. पण त्या स्वतः गेल्या नाहीत याचे कारण हा राग नव्हे. धाकट्याने तिकीट पाठवले होते, दोनदा. दुसऱ्या वेळी आईने त्यांना समोर बसवून, जा म्हणून समजावले. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'सगळ्या गेल्या तर शेवटचीला कोण धुवील?'

यावर आईला काही बोलता आले नाही. मलाही आजतागायत सुचलेले नाही. त्या वाक्यात मला कधी कधी थोडा हट्टही दिसतो. तिकडे नातवंडे वाढत होती, त्यांना आजी हवी होती. ही मुलगी आज जी वही चाचपडते आहे ती आजीच्या मांडीवर बसून ऐकता आली असती. धाकट्या मुलाच्या मनात ती अढी शेवटपर्यंत होती असे मुलगी म्हणते. तो तिला सांगे, माझ्या आईला जिवंत मुलांपेक्षा मेलेल्या बायका जवळच्या होत्या. ते ऐकून मी त्या रात्री गप्प बसले. खालच्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत रविवारी दुपारी आलेल्या विमानपत्राची निळी घडी उशीखाली ठेवून निजणाऱ्या आजी मी पाहिल्या होत्या, पण मुलाने पाहिल्या नव्हत्या. त्याचेही खरेच होते.

आता १९८२. जानेवारीच्या अठरा तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा कामगार नव्हते, कारकून होते. पण गिरणी बंद म्हटल्यावर टाइमकीपरने कोणाचा टाइम ठेवायचा? सुरुवातीला महिना-दोन महिन्यांत मिटेल असे सगळेच म्हणत. गुढीपाडवा झाला, आषाढी झाली, गणपती येऊन गेले. बाबा रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघत आणि तलावपाळीवर जाऊन बसत. हे मला भावाने सांगितले, त्याला कोणा मित्राने. घरात दुधाचा रतीब अर्धा झाला, मग बंद झाला. बाबांचे एक वाक्य होते: आपण कोणाचे देणे लागत नाही. पूर्वी ते अधूनमधून म्हणत. त्या वर्षी ते रोज म्हणू लागले. माझा दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, क्लासची फी थकली होती. आणि एक दिवस आईने फॉर्मचे पैसे माझ्या हातावर ठेवले, वाण्याची उधारी चुकवली, आणि बाबांना सांगितले की पाटली मोडली. तिच्या हातात एरवी दोन पाटल्या असत, बिलवरांच्या मागेपुढे. त्या दिवसापासून हात मोकळे दिसू लागले. एक मोडली आणि एकटी दुसरी बरी दिसत नाही म्हणून काढून ठेवली, असे ती म्हणाली.

ही पाटली आमच्या घरातले पुराण होऊन बसली. माझ्या लग्नात आत्याने ती सांगितली, भावाच्या पोरांना ती माहीत आहे, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या तेराव्याला जमलेल्या माणसांपुढे मी स्वतः ती सांगितली आणि माझा गळा दाटून आला होता. त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही बँकेतला लॉकर उघडला. लाल पुरचुंडीत दोन पाटल्या होत्या. दोन्ही एकाच घडणीच्या, दोन्हींच्या कडा सारख्याच झिजलेल्या. भाऊ म्हणाला, आईने पुढे एक पुन्हा करून घेतली असणार, हौशी होती. मीही हो म्हणाले. सोने ओळखणारी माणसे आम्ही नव्हे. पण नवी पाटली चाळीस वर्षे पुरचुंडीत राहून झिजत नाही, एवढे कळायला सोनार लागत नाही.

दोन वर्षे मी तो विचार उघडलाच नव्हता. मग पौषातल्या त्या रात्री वहीच्या पानावर 'गिरणीवालीस' या ओळीच्या खाली आजींच्या गोलसर, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात 'वरचीस' हा शब्द समोर आला. वाड्यात आजींच्या वर एकच बिऱ्हाड होते.

ओळ गाळली ती आईसाठी की बाबांसाठी, की तेराव्याला बोललेल्या माझ्यासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या क्षणी मनात आले ते असे की, जी गोष्ट दोन बायकांनी मिळून एवढी जपली ती मी कोण उघडणारी? आजींना नावे लिहायची असती तर त्यांनी लिहिली असती. 'तळ्याकाठची' कोण हे मला पक्के ठाऊक आहे, तिचा मुलगा ठाण्यात चांगला नावारूपाला आलेला आहे, आणि मी ते कोणालाही, त्या मुलीलाही, सांगणार नाही. मग आमचीच ओळ तेवढी का सांगावी? आणि सांगितली नाही तर ती लपवाछपवी कोणाची?

त्यानंतरच्या आठवड्यात मी मागचे दिवस पुन्हा पुन्हा चाळत होते, आणि माझी आठवण सारखी वालांवर येऊन अडकत होती. बिरड्याचा सण उपासाचा, शोकाचा. जेरुसलेमचे मंदिर पडल्याची ती तिथी. पावसाळ्यातच येतो. त्याआधी नऊ दिवस मटण-मासळी बंद, आणि त्या रात्री केळीच्या पानावर भात आणि नारळाच्या दुधातले वालाचे बिरडे. बिरडे आम्हा कायस्थांच्या घरचेही लाडके, त्यामुळे आई आणि आजी यांच्यात कोणाचे सरस यावर गमतीचा वाद चाले. पण १९८३ सालापासून त्या सणाच्या दोन दिवस आधी आई दुपारची कामे उरकून खाली जाऊ लागली आणि समाजातल्या सगळ्या घरांसाठी लागणारे कडवे वाल सोलत बसू लागली. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायचे. सात-आठ किलो असत. संध्याकाळी वर येई तेव्हा तिची बोटे पांढरी पडून सुरकुतलेली असत आणि त्यांना वालाचा तो उग्र, हिरवा वास येई. साबणानेही तो जात नसे. मी एकदा चिडून म्हणाले होते की, त्यांचा सण, त्यांचे वाल, तू कशाला मरतेस? 'मला आवडतं सोलायला,' ती म्हणाली. आजी शेजारी पाटावर बसून सोलत असत आणि दोघी तासन्‌तास एक शब्द न बोलता बसत. आजी होत्या तोवर, म्हणजे पुढची अठरा वर्षे, आईने हे केले. वहीत याची एकही नोंद नाही. मी मुलीला त्या सगळ्या वर्षांची बिरड्याच्या सणाची पाने दाखवायला लावली. वालाचे वजन आहे, नारळांचा आकडा आहे, 'सोलणावळ' म्हणून दोन बायकांना दिलेले पैसे आहेत. आईचे काही नाही. मागणे नाही म्हटल्यावर जमा तरी कुठल्या खान्यात लिहिणार?

२००१ साली आजी गेल्या, भर पावसात. धाकट्या मुलाला यायला दीड दिवस लागला आणि ते थांबणे त्यांच्या रीतीत नव्हते, म्हणून तो पोचायच्या आधीच सगळे झाले. स्नान घालायला मुंबईहून तीन बायका आल्या, भायखळ्याकडच्या; ठाण्यातली एकच उरली होती आणि तिचे गुडघे गेलेले होते. आमच्यापैकी कोणी आत जायचे नव्हते. आईने वर आमच्या बंबात पाणी तापवले आणि बादल्या खाली नेल्या. ती दाराशी उभी राही, आतून एक हात येई, बादली जाई. दाराच्या फटीतून हिब्रू स्तोत्रांची कुजबुज आणि पाणी ओतल्याचा आवाज येत होता. शेवटची बादली देऊन झाल्यावरही आई तिथेच उभी होती, आणि मी पाहिले, तिने चौकटीवरच्या डबीला बोटे लावली आणि ती ओठांना लावली नाहीत, नुसती मुठीत मिटून घेतली. कपाटात आजींचे स्वतःचे कापड शिवून ठेवलेले सापडले. मांजरपाटच. गिरणी बंद पडायच्या आधीचे असावे, इतका त्याचा रंग पिवळटला होता.

पुढच्या शनिवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी नवे पान काढू दिले नाही. मागचे काढ म्हटले. 'मा. ना. म्हणजे मागणे नाही,' मी सांगितले. तिने टंकायला सुरुवात केली आणि थांबली. 'मागणे म्हणजे काय, मावशी?' मी म्हणाले, उसने दिलेले परत मागणे. मग राहवले नाही म्हणून पुढे सांगितले की देवापुढे हात जोडून आपण जे करतो त्यालाही मराठीत मागणे म्हणतात. तिने थोडा विचार केला. 'मग आजीचं यातलं कंचं नाही?' मी म्हणाले, पहिले. ते तिने लिहून घेतले. मग मी तिला सांगितले की गेल्या वेळी मी एक ओळ सोडली होती. तिने का म्हणून विचारले नाही. पान कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आणले. तिच्या दिव्याच्या उजेडात आजींची शाई तपकिरी दिसत होती. मी वाचले: 'शिळा सण. वरचीस, मुलीचा फॉर्म व दोन महिन्यांचे वाणसामान, रुपये ४००. मा. ना.'

'वरची कोन?'

मी आईचे नाव सांगितले. त्याचा उच्चार तिने माझ्याकडून तीनदा करून घेतला, कारण त्यातल्या 'ळ'साठी हिब्रूत कुठले अक्षर घालावे हे तिला ठरवता येत नव्हते.